ईआरपी घेण्याआधी : लघुउद्योजक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“टॅली आहे, एक्सेल आहे, मग ईआरपी कशाला?” प्रश्न रास्त आहे. ईआरपी म्हणजे सेल्स, परचेस, स्टोअर, प्रॉडक्शन या सगळ्यांच्या नोंदी एकाच जागी जोडणारं सॉफ्टवेअर. नुसता हिशेबच ठेवायचा असेल तर नका घेऊ.

घोळ होतो तो एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे काम जाताना. समजा, ५०० ब्रॅकेटची ऑर्डर आली. सेल्सने ती डायरीत लिहिली, परचेसने पत्र्याचा हिशेब एक्सेलमध्ये मांडला, स्टोअरच्या वहीत शिल्लक वेगळीच. ईआरपीत ऑर्डर एकदाच भरायची. एका ब्रॅकेटला किती पत्रा, किती बोल्ट हे बीओएममध्ये, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या मालाच्या यादीत, आधीच भरलेलं असतं. त्यातून शिल्लक वजा होऊन काय मागवायचं ते परचेसला दिसतं. माल आल्यावर स्टोअरने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केला की साठा वाढतो आणि सप्लायरचं बिल पीओशी, म्हणजे आपण दिलेल्या खरेदी ऑर्डरशी, ताडून पाहता येतं.

जॉबवर्क, म्हणजे आपला माल बाहेर पाठवून त्यावर काम, करून घेणाऱ्यांना तर याचा फार उपयोग. प्लेटिंगला पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर जीएसटी कायदा तो पाठवल्या दिवशीच पुरवला असं धरतो आणि करही लावतो. कोणत्या चलनावरचे (माल पाठवतानाच्या कागदावरचे) किती नग अजून बाहेर आहेत, हे चलनबुकं चाळून शोधण्यापेक्षा पडद्यावर पाहिलेलं बरं.

सॉफ्टवेअर कोणतं? सॅपसारखी मोठी नावं आहेतच. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे, त्याला लायसन्स फी नाही. म्हणजे फुकट नव्हे! सर्व्हर, मांडणी आणि माणसं शिकवणं यांचा खर्च येतोच.

खरी मेहनत आयटम मास्टरची, म्हणजे सगळ्या वस्तूंच्या मूळ यादीची. ‘एम १० बोल्ट’, ‘बोल्ट १०×५०’ आणि ‘हेक्स बोल्ट मोठा’ हा एकच बोल्ट, हे तुमच्या स्टोअरकीपरला ठाऊक असतं, कॉम्प्युटरला नाही. तो तीन साठे दाखवणार आणि रॅकवर माल पडून असताना नवा मागवा म्हणणार. म्हणून आधी एक वस्तू, एक कोड. मग रॅकवरचा माल प्रत्यक्ष मोजून सुरुवातीची शिल्लक भरायची. जुन्या वहीतला आकडा उतरवून चालत नाही.

सगळं एकदम चालू करू नका. आधी परचेस आणि स्टोअर, मग प्रॉडक्शन. पगारपत्रक सर्वांत शेवटी, ते थांबू शकतं.

पहिल्या भेटीला येताना आयटमची यादी, गेल्या महिन्याची चलनं आणि एखाद्या नेहमीच्या पार्टचं ड्रॉइंग आणा. स्टोअरकीपरलाही घेऊन या. आमचे निम्मे प्रश्न त्यांनाच असतात.