जलमार्ग वापरशुल्क आणि धान्यवाहतूक

नदी, कालवा किंवा बंदरातून माल नेणाऱ्यांकडून त्या वाटेच्या खर्चापोटी होणारी वसुली म्हणजे जलमार्ग वापरशुल्क. कुठे ती टोलसारखी थेट होते, कुठे बार्जच्या, म्हणजे माल नेणाऱ्या सपाट तळाच्या बोटींच्या, डिझेलवर, तर कुठे मालाच्या किमतीवर. मका, गहू, सोयाबीन वजनाला भारी आणि किमतीला हलके. त्यामुळे टनामागे थोडा फरक पडला तरी माल वाट बदलतो. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजाराला हे नवे नाही. 2020 च्या केंद्रीय अध्यादेशाने बाजार समितीच्या आवाराबाहेरचा व्यवहार सेसमुक्त, म्हणजे बाजारशुल्कातून मोकळा, झाला, तेव्हा व्यापार बाहेर जाईल हीच इथल्या व्यापाऱ्यांची तक्रार होती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीचे. सेंट लुइस शहराच्या वर, उगमाकडे, लॉकची, म्हणजे पाण्याची पातळी चढवून-उतरवून बोटी पुढे सोडणाऱ्या दरवाजांची, रांगच आहे. त्याखाली थेट समुद्रापर्यंत एकही नाही. बार्जच्या डिझेलवरचा कर मात्र दोन्हीकडे सारखाच. 1980 मध्ये तो गॅलनला 4 सेंट होता, 2015 पासून 29 सेंट आहे. त्यातून नव्या बांधकामाचा व मोठ्या दुरुस्त्यांचा काही वाटा निघतो. रोजची देखभाल सरकारी तिजोरीवरच. याऐवजी ज्या टप्प्याचा खर्च त्याच टप्प्यावर लावला, तर वरच्या टप्प्यातल्या मिनेसोटाकडचे धान्य नदीच्या मुखाजवळच्या न्यू ऑर्लीन्स बंदराची वाट सोडून रेल्वेने पोर्टलंड, सिॲटलसारख्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांकडे वळू शकते. सेंट लुइसजवळचा माल मात्र नदी सोडणार नाही. म्हणजे शुल्काचा खरा परिणाम दिसतो तो दोन वाटांचे भाडे जवळपास सारखे पडते अशा सीमेवरच्या पट्ट्यात. निर्यातीचा भाव जगाच्या बाजारात ठरत असल्याने वाढीव शुल्क बहुधा शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावातूनच कापले जाते.

बंदरांच्या गाळउपशासाठी अमेरिकेने 1986 मध्ये मालाच्या किमतीवर वेगळा कर बसवला. 1998 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्यातीवरील वसुली घटनाबाह्य ठरवली. धान्य सुटले, आयातदार अडकले.

भारतात 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग 111 झाले, आणि 2020 मध्ये वापरशुल्क तीन वर्षांसाठी माफ झाले. 2022 मध्ये पाटण्याहून 200 टन धान्य बांगलादेशमार्गे गुवाहाटीजवळच्या पांडूला बार्जने गेले. माफी असूनही धान्याची मुख्य वाट रेल्वे आणि ट्रकचीच राहिली. नदीत पुरेशी खोली नसेल आणि परतीचा माल मिळत नसेल, तर फुकटची वाटही महाग पडते.