प्रत्येक सूज हायड्रोसील नसते

साठी-सत्तरीतल्या माणसाच्या अंडकोशाला सूज आली की घरच्यांनी निदान आधीच करून टाकलेलं असतं: हायड्रोसील, म्हणजे अंडकोशात पाणी साठणं, नाहीतर हर्निया. बहुतेकदा ते बरोबरही निघतं. हत्तीरोगाच्या पट्ट्यात, गडचिरोली-चंद्रपूरकडे, हायड्रोसीलचं कुणाला नवलही वाटत नाही. पण याच नावाखाली क्वचित लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या पेशींचा कर्करोग, दडून राहतो.

ही गाठ वृषणात नसते. रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका घेऊन जो दोर जांघेतून वृषणापर्यंत उतरतो, त्याच्या आसपास ती वाढते. सहसा दुखत नाही, वाढतेही सावकाश. त्यात संकोच, म्हणून माणूस वर्षानुवर्षं कुणाला दाखवत नाही.

साधा टॉर्चसुद्धा बरंच सांगतो. हायड्रोसीलच्या पाण्यातून उजेड आरपार जातो, भरीव गाठीतून जात नाही. हर्निया आडवं झाल्यावर बऱ्याचदा आत सरकतो, ही गाठ सरकत नाही. गाठ वृषणात आहे की बाहेर, ते सोनोग्राफीत कळतं. साठीनंतर वृषणातच असेल तर लिम्फोमाची, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाची, शंका आधी घ्यावी लागते. एमआरआयमध्ये चरबी ओळखू येते. पोटाचा सीटी स्कॅनही हवाच, कारण कधी कधी पोटाच्या मागच्या भागातली मोठी गाठच जांघेच्या वाटेने खाली उतरलेली असते.

शस्त्रक्रियेत छेद कुठे घेतला याला फार महत्त्व आहे. तो जांघेत घ्यायचा, अंडकोशावर नाही. वृषणाचा लसिकाप्रवाह, म्हणजे ऊतींमधून ग्रंथींकडे जाणारा पातळ द्रव, पोटात महाधमनीजवळच्या ग्रंथींकडे जातो, अंडकोशाच्या त्वचेचा जांघेतल्या ग्रंथींकडे. चुकीच्या जागी कापलं तर कर्करोगाच्या पेशींना दुसरी वाट मोकळी होते. गाठ, वृषण आणि दोर एकसंध काढतात. दोर शक्य तितका वर बांधतात. दुसरं वृषण निरोगी असेल तर पुरुषी संप्रेरक सहसा पुरेसं मिळत राहतं. हे रुग्णाला आधीच नीट सांगायला हवं, त्याची निम्मी भीती तिथेच असते.

हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये निघालेला चरबीचा मोठा गोळा फेकून देऊ नये, पॅथॉलॉजीला पाठवावा. साधी चरबीची गाठ आणि लायपोसार्कोमा सूक्ष्मदर्शकाखालीही सारखे दिसू शकतात. तेव्हा एमडीएम२ या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का, हे तपासून निवाडा होतो. काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी आढळल्या तर पुन्हा शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनचा विचार होतो. दहा वर्षांनीही ही गाठ त्याच जागी उलटू शकते, म्हणून तपासणी चालू ठेवावी आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट जपून ठेवावा.