मिनी स्प्रिंट शर्यतगाडीतील इंधन इंजेक्शनची जुळवणी

मिनी स्प्रिंट ही मोटरसायकलचे इंजिन बसवलेली, उघड्या चाकांची, एका चालकाची छोटी शर्यतगाडी असून ती मुख्यतः अमेरिकेत मातीच्या लहान लंबवर्तुळाकार धावपट्टीवर सतत डावीकडे वळत धावते. तिच्या इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या मानाने, प्रत्येक गतीला आणि थ्रॉटलच्या (हवेची वाट कमीजास्त उघडणाऱ्या झडपेच्या) प्रत्येक स्थितीला, नेमके हवे तेवढे इंधन पोहोचेल अशी व्यवस्था लावणे म्हणजे इंधन इंजेक्शनची जुळवणी होय.

या गाड्यांचे वर्ग इंजिनाच्या आकारमानावरून ठरतात. ६०० घ. सेंमी. वर्गातील गाडीला मायक्रो स्प्रिंट असेही म्हणतात. तीत सुझुकी जीएसएक्स-आर ६००, यामाहा आर ६, होंडा सीबीआर ६०० आरआर किंवा कावासाकी झेडएक्स-६ आर या मोटरसायकलींची चार सिलिंडरांची इंजिने वापरतात. १,००० घ. सेंमी.च्या आसपासच्या वर्गाला अनेक ठिकाणी लाइटनिंग स्प्रिंट म्हणतात आणि हा वर्ग ऑस्ट्रेलियातही रुळला आहे. इंजिनाची शक्ती साखळीने मागच्या आसाला मिळते. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात डिसेंबरअखेरीस बंदिस्त सभागृहातील मातीच्या धावपट्टीवर भरणारी टल्सा शूटआउट ही या गाड्यांची सर्वांत मोठी जत्रा मानली जाते. कोणती इंजेक्शन पद्धती आणि कोणते इंधन चालेल, हे प्रत्येक शर्यत मालिकेचे नियम ठरवतात. त्यामुळे जुळवणीची सुरुवात नियमपुस्तिकेपासून करावी लागते.

मूळ प्रश्न हवेचा आहे. इंजिन प्रत्येक फेऱ्यात सारखीच हवा ओढत नाही. गती वाढते तसे सिलिंडर अधिकाधिक चांगले भरत जातात, सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो त्या गतीच्या आसपास ते सर्वांत जास्त भरतात आणि त्यापुढे, झडपा उघड्या राहण्याचा काळ अपुरा पडू लागल्यामुळे, प्रत्येक फेऱ्यातील हवा पुन्हा घटते. मोटरसायकलचे इंजिन मिनिटाला १२,००० किंवा १४,००० फेरेही सहज घेते, त्यामुळे हा चढउतार फार मोठ्या पट्ट्यावर पसरलेला असतो. इंधनाचा आलेख या वक्राला चिकटून चालला पाहिजे. जिथे तो हवेच्या वर जातो तिथे मिश्रण रिच (इंधन जास्त) होऊन शक्ती मंदावते, आणि जिथे खाली जातो तिथे ते लीन (इंधन कमी) होऊन दट्ट्या व झडपा जळण्याचा धोका उभा राहतो.

यांत्रिक पद्धती : सतत प्रवाहाची यांत्रिक इंजेक्शन पद्धती अमेरिकी शर्यतींत रुजवण्याचे मोठे श्रेय कॅलिफोर्नियाच्या स्टुअर्ट हिलबॉर्न यांना जाते, १९४८ मध्ये त्यांच्या इंजेक्शन बसवलेल्या गाडीने तिथल्या कोरड्या तलावाच्या पात्रात ताशी १५० मैलांची मर्यादा ओलांडली. तेच तत्त्व आजच्या छोट्या इंजिनांवरही जसेच्या तसे लागू होते. इंजिनाच्या गतीच्या प्रमाणात, बहुधा झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरून, फिरणारा पंप इंधन ढकलतो. थ्रॉटलशी जोडलेली बॅरल व्हॉल्व्ह नावाची फिरती झडप ते कमीजास्त करते. आणि प्रत्येक सिलिंडरच्या नोझलमधून ते अखंड फवारले जाते. पंपाने दिलेले सगळे इंधन इंजिनाला लागत नाही. उरलेले इंधन परतीच्या नळीतून टाकीत जाते आणि त्या नळीच्या तोंडाशी बसवलेल्या, मधोमध छिद्र असलेल्या बारीक चकतीला ‘पिल’ म्हणतात. छिद्र मोठे केले तर जास्त इंधन टाकीत परतते आणि मिश्रण लीन होते, लहान केले तर रिच होते. कार्ब्युरेटरवर शिकलेल्या माणसाच्या हातून नेमकी इथेच गफलत होते, कारण तिथे जेट (इंधन सोडणारे छिद्र) मोठा करणे म्हणजे इंधन वाढवणे असते.

पिलचे छिद्र इंचाच्या हजारांशात मोजतात आणि बदल नेहमी क्षेत्रफळाच्या हिशेबाने करावा लागतो. ८० हजारांशांऐवजी ९० हजारांशांची पिल लावली तर व्यास साडेबारा टक्क्यांनी वाढतो, पण क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. नोझल आणि पिल या दोन्ही ठिकाणी इंधन छिद्रातूनच जात असल्यामुळे गती बदलली तरी त्यांच्यातील वाटणी जवळजवळ तीच राहते. म्हणून पिल बदलल्याने इंधनाची पूर्ण रेषा वर किंवा खाली सरकते. तिचा आकार मात्र बदलत नाही. पंपाची रेषा सरळ असते, हवेचा मात्र वक्र असतो. सगळी यांत्रिक जुळवणी म्हणजे ही सरळ रेषा योग्य जागी वाकवण्याची कला आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

ही रेषा वरच्या टोकाला वाकवण्यासाठी उच्चगती बायपास वापरतात. छिद्रातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे गती दुप्पट झाली की प्रवाह दुप्पट आणि दाब चौपट होतो. त्यामुळे ठरावीक दाबाला उघडणारी स्प्रिंगची झडप हीच गती ओळखण्याचे साधन बनते. सर्वाधिक टॉर्कची गती ओलांडल्यावर, इंजिनाची प्रत्येक फेऱ्यातील हवा घटू लागते तेव्हा, ती झडप उघडते आणि जादा इंधन टाकीत परत पाठवते. स्प्रिंगखाली पातळ वॉशर घालून उघडण्याचा दाब वाढवता येतो. लांब धावपट्टीवर हिचा परिणाम स्पष्ट दिसतो. जिथे इंजिन वरच्या गतीला क्षणभरच टिकते अशा आखूड धावपट्टीवर तिच्यामागे वेळ घालवण्यापेक्षा खालच्या टोकाकडे लक्ष देणे अधिक फायद्याचे ठरते.

खालचे टोक बॅरल व्हॉल्व्हच्या हाती असते. थ्रॉटल बंद असताना ही झडप किती गळते हे दाबाची हवा सोडून टक्क्यांत मोजतात. गळती जास्त तितके मंद गतीचे मिश्रण रिच, आणि थ्रॉटलला जोडणाऱ्या दांडीची लांबी बदलून ती साधतात. हे मोजण्याआधी चारही थ्रॉटल प्लेटा एकसारख्या उघडतात की नाही, हे पाहून घ्यावे लागते. ते न करता केलेली पुढची सगळी मेहनत वाया जाते. वळणातून बाहेर पडताना चालक पाय हलकेच दाबतो, त्या क्षणी इंजिन अडखळले तर चूक बहुतेक वेळा पिलमध्ये नसून इथे असते. धावपट्टी सुकून गुळगुळीत झाली की चाके सहज घसरतात, आणि अशा वेळी शक्तीच्या आकड्यापेक्षा थ्रॉटलला मिळणारी मऊ, सलग साथ शर्यत जिंकून देते.

हवामानाचा हिशेब रोजचा असतो. १५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत ३५ अंशांची हवा, दाब तोच असता, साडेसहा टक्क्यांनी विरळ असते. यांत्रिक पद्धतीला हे कळत नाही. पंप गतीप्रमाणे तेवढेच इंधन देत राहतो. म्हणून तापलेल्या दुपारी सराव करून बेतलेली गाडी रात्रीच्या थंड, दाट हवेत लीन होते आणि अंतिम शर्यतीपूर्वी लहान पिल लावावी लागते. समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरच्या परिसरात हवेची घनता किनारपट्टीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी असते, तिथे मोठी पिल लागते. तापमान, वायुदाब आणि आर्द्रता यांवरून सापेक्ष घनता काढून तिच्याशी पिलची नोंद जोडलेली वही ठेवणारा संघ अंदाजाने काम करणाऱ्या संघाच्या नेहमी पुढे राहतो.

मिथेनॉल : अनेक वर्गांत पेट्रोलऐवजी मिथेनॉल वापरतात. १९६४ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीतील भीषण आगीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोन चालक दगावले; त्यानंतर अमेरिकेच्या त्या वरिष्ठ शर्यतींनी मिथेनॉलची वाट धरली. त्याच्या ज्वाळा पाण्याने विझवता येतात, पण दिवसाच्या उजेडात त्या जवळजवळ दिसत नाहीत, हे दुरुस्ती पथकातील प्रत्येकाला ठाऊक असलेच पाहिजे. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते, मिथेनॉलला सुमारे साडेसहा पटच. त्यामुळे नोझल, पंप आणि इंजेक्टर दुपटीहून अधिक इंधन देणारे लागतात. या इंधनाच्या बाष्पीभवनाला उष्णताही पुष्कळ लागते. त्याच हवेमागे ते पेट्रोलच्या सुमारे सात पट उष्णता शोषू शकते, त्यामुळे आत येणारी हवा थंड व दाट होते. थोडे रिच मिश्रण शक्ती फारशी घटवत नाही, उलट लीन मिश्रणात तापलेल्या ठिकाणापासून ठिणगीआधीच ज्वलन सुरू होऊन इंजिन काही क्षणांत निकामी होऊ शकते. म्हणून मिथेनॉलवर जुळवणी रिच बाजूने सुरू करून हळूहळू लीनकडे न्यावी, उलट दिशेने कधीही नेऊ नये.

इलेक्ट्रॉनिक पद्धती : आजची स्पोर्ट मोटरसायकल कारखान्यातूनच इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन घेऊन येते. इथे गती आणि थ्रॉटलच्या कोनाचा तक्ता असतो आणि त्यातील प्रत्येक घरात इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे लिहिलेले असते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असल्याने हवा शिरण्याच्या नळीतील निर्वाताचा संकेत क्षीण व थरथरता मिळतो, म्हणून थ्रॉटलच्या कोनावर आधारलेला तक्ता अधिक भरवशाचा ठरतो. वेळेची मर्यादा मात्र कठोर आहे : मिनिटाला १२,००० फेऱ्यांना चार फटक्यांचे एक चक्र १० मिलिसेकंदांत संपते, आणि इंजेक्टर त्यातील ८० ते ८५ टक्क्यांपेक्षा जास्त काळ उघडा ठेवू नये असा दंडक आहे. मूळ इंजेक्टर मिथेनॉलसाठी म्हणूनच अपुरे पडतात. कारखान्याच्या नियंत्रकाला जोडायचे पॉवर कमांडरसारखे उपकरण मूळ तक्त्यात टक्केवारीने भर किंवा घट करते. स्वतंत्र नियंत्रक बसवला तर सगळा तक्ता नव्याने लिहावा लागतो.

दुचाकीसाठी घडलेली ही यंत्रणा चारचाकीत आणताना काही अडचणी उभ्या राहतात, आणि त्या तक्त्यात शोधून सापडत नाहीत. मोटरसायकल वळताना कलते, त्यामुळे इंधन, तेल आणि कलण्याचा संवेदक यांच्यावरचे एकत्रित बल गाडीच्या उभ्या रेषेतच राहते. मिनी स्प्रिंट कलत नाही; डाव्या वळणात सगळे उजवीकडे ढकलले जाते. गाडी पडली असे समजून संवेदक इंजिन बंद करू शकतो, टाकीचे शोषणतोंड उजव्या मागच्या कोपऱ्यात नसेल तर पंप हवा ओढतो, आणि तेलाच्या भांड्यात आडपडदे नसतील तर तेलाचा दाब कोसळतो. वळणातच इंजिन लीन होत असेल तर आधी टाकी तपासावी, मग तक्ता. अनेक मूळ नियंत्रक वेगवेगळ्या गिअरसाठी वेगळे तक्ते वापरतात. म्हणून ज्या गिअरमध्ये शर्यत होणार, त्याच गिअरमध्ये डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) चाचणी घ्यावी.

डायनोवर वाइडबँड ऑक्सिजन संवेदकाने मिश्रण वाचून पाया घातला जातो. पेट्रोलवर सर्वाधिक शक्ती साधारण १२.५ ते १३ या हवा-इंधन गुणोत्तराला मिळते. पण डायनोवर खड्डे, धूळ आणि वळणातील ओढ नसते. मिथेनॉलवर स्पार्क प्लगचा रंग फारसा बोलत नाही, तेव्हा निष्कास नळ्यांचे तापमान प्रत्येक सिलिंडरचे वेगळे मोजणे उपयोगी पडते. एकच नळी वेगळे तापमान दाखवत असेल तर बहुधा तिचे नोझल कचऱ्याने अडलेले असते. एका वेळी एकच बदल करावा, ही शिस्त दोन शर्यतींमधल्या घाईत पाळणे सर्वांत कठीण जाते आणि सर्वांत जास्त फळही तीच देते.

मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि ॲल्युमिनियम गंजवते, त्यामुळे शर्यतीच्या रात्रीच टाकी रिकामी करून पंप आणि झडपांतून वंगणयुक्त द्रव फिरवावा लागतो. काही इंधन दट्ट्याच्या कड्यांवरून इंजिनाच्या तेलात उतरून ते दुधाळ होते, म्हणून तेलही वरचेवर बदलावे लागते. गाळणी, नोझल आणि पिल स्वच्छ केल्यावर बॅरल व्हॉल्व्हची गळती पुन्हा मोजून तो आकडा वहीत नोंदवला जातो, कारण झिजलेली झडप मिश्रण बदलते आणि पुढच्या शर्यतीत दोष पिलच्या माथी मारला जातो.