जोडीदाराच्या आवडीचा सॅक्सोफोन

शेजारच्या खोलीत सॅक्सोफोन लागतो. धून कोणती हे अजून कळलेलं नसतं, पण वाजवणारा कोण हे कळून चुकतं. जोडीदाराच्या आवडीमुळे वर्षानुवर्षं कानावर पडलेल्या वादकाबाबत हा अनुभव हमखास येतो. २०१० साली मानसशास्त्रज्ञ कॅरोल क्रुमहान्सल यांनी लोकप्रिय गाण्यांचे अवघे ०.४ सेकंदांचे तुकडे श्रोत्यांना ऐकवले. चारातल्या एकाहून जास्त वेळा श्रोत्यांनी कलाकार आणि गाणं, दोन्हींची नावं बरोबर सांगितली. एवढ्याशा वेळात चाल उलगडत नाही. ओळख पटते ती आवाजाच्या पोतावरून, आणि पोताच्या बाबतीत सॅक्सोफोन फार श्रीमंत वाद्य आहे.

अडॉल्फ साक्स यांनी १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं असलं तरी वाद्य सनई-क्लॅरिनेटच्या कुळातलं, कारण आवाज निघतो तो बोरूसारख्या वेताच्या पातळ पत्तीच्या कंपनातून. नळी शंकूसारखी रुंदावत जाते आणि सगळी किमया इथे आहे. क्लॅरिनेटची नळी जवळपास एकसारख्या रुंदीची असल्याने त्याच्या खालच्या सुरांत मूळ कंपनसंख्येच्या विषम पटीच प्रबळ असतात. शंकूत सम आणि विषम, सगळ्याच पटी उमटतात, म्हणून सूर भरलेला वाटतो. टेनर, म्हणजे खर्जाकडे झुकणाऱ्या मध्यम आकाराच्या सॅक्सोफोनचा पल्ला साधारण १०४ ते ६५९ हर्ट्झ, म्हणजे माणसाच्या बोलण्या-गाण्याच्याच पट्ट्यातला. ‘गळ्यासारखा वाजतो’ असं लोक म्हणतात त्यामागे हेही एक कारण आहे.

तरी एकच वाद्य दोघांच्या हातात दोन तऱ्हांनी बोलतं. जॅझवादक स्टॅन गेट्झ यांच्या टेनरमध्ये श्वासाची मऊ झाक आहे, तर त्याच परंपरेतल्या जॉन कोल्ट्रेन यांचा सूर टोकदार आणि ताठ. पत्तीची जाडी, माउथपीसची फट, ओठांचा दाब यांनी फरक पडतोच. जबडा सैल सोडून पत्तीवरचा दाब कमी केला की वरच्या पटी दबतात आणि खालचा सूर कुजबुजल्यासारखा येतो. शिवाय २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की, अतिउच्च सूर काढताना निष्णात वादक घशा-तोंडातल्या पोकळीचा अनुनाद त्या सुराशी जुळवून घेतात. नवशिक्यांना ते जमत नाही आणि ते सूर निघत नाहीत. म्हणजे वादकाचा घसा हा वाद्याचाच एक भाग आहे.

आता आठवणींकडे वळू. मेंदूसंशोधक पेत्र जनाटा यांनी २००९ साली मेंदूची छायाचित्रं घेऊन पाहिलं. ओळखीचं संगीत जुने प्रसंग जागवतं तेव्हा कपाळामागच्या मधल्या भागात हालचाल वाढते. हा भाग ‘स्वतःबद्दल’च्या विचारांशी जोडलेला आहे. सुराबरोबर नुसता प्रसंग येत नाही, त्या प्रसंगातले आपण येतो, ते यामुळे. वयाच्या साधारण १० ते ३० वर्षांमधल्या आठवणी उतारवयात सर्वाधिक येतात. साहजिकच एकच रेकॉर्ड दोघांना दोन ठिकाणी नेते: एकाला कॉलेजच्या दिवसांत, तर दुसऱ्याला लग्नानंतरच्या पहिल्या घरात, कारण तिथेच त्या वादकाशी त्याची पहिली गाठ पडलेली असते.

जोडीदाराला, विशेषतः विस्मरण सुरू झालेल्या जोडीदाराला, हे संगीत ऐकवायचं तर आधी मूळ ध्वनिमुद्रण शोधा. तीच धून दुसऱ्या मैफलीतली किंवा दुसऱ्या वादकाची असली की पोत बदलतो आणि आठवणीचा धागा सहज लागत नाही. पाच-सहा रचना पुरेत. आवाज बोलण्याइतका ठेवा. टीव्ही बंद असू द्या. एक रचना संपली की लगेच पुढची लावू नका, दोन-तीन मिनिटं थांबा, कारण आठवण बहुधा त्या शांततेत शब्दांत येते. ‘आठवतंय का?’ असं विचारलं की परीक्षा होते. ‘तेव्हा सोबत कोण होतं?’ हा प्रश्न बरा. आणि तीच रेकॉर्ड दिवसभर मागे वाजत ठेवू नका. एका खुणेला रोजचे शंभर प्रसंग चिकटले की त्यातला नेमका एक वर येणं अवघड होतं. चेहरा आक्रसला, अस्वस्थता दिसली, तर आवाज हळूहळू कमी करत बंद करा.

मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. टेनरच्या खालच्या सुरांचा पाया तिथेच असतो. वरच्या पटींवरून मेंदू सूर ओळखतो, पण भरीवपणा हरवतो. मोठा स्पीकर किंवा कान झाकणारे हेडफोन वापरा.

श्रवणयंत्र असेल तर आणखी एक अडचण येते, आणि ती फार जणांच्या लक्षात येत नाही. यंत्राची स्वतःची शिट्टी रोखणारी यंत्रणा लांब, स्थिर सुरालाही शिट्टीच समजते आणि तो पुसू पाहते. सॅक्सोफोनवरचा दीर्घ सूर मग थरथरतो किंवा त्याच्यासोबत भलताच सूर घुमतो. जोडीदार कपाळाला आठ्या घालतो आणि आपल्याला वाटतं, आवड संपली. बहुतेक यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवता येतो, त्यात ही यंत्रणा सौम्य किंवा बंद केलेली असते. श्रवणतज्ज्ञाकडे जाताना तेच ध्वनिमुद्रण सोबत न्या आणि तिथेच लांब सुराची जागा वाजवून जुळणी करून घ्या.