तुमच्या नावानं फेसबुकवर खोटं खातं: तक्रार कशी करायची, कागदपत्रं कोणती लागतात

"माह्या नावानं कोणीतरी पैसे मांगून राह्यलं," म्हणत माणूस सेतू केंद्रात येतो. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट, बाकी काही नाही. तेवढ्यावर काम होत नाही.

आधी तक्रार कोणाची ते बघा. ज्याचं नाव आणि फोटो वापरला, त्याची तक्रार वेगळी. खोट्या खात्यावर भरवसा ठेवून ज्यानं पैसे टाकले, त्याची वेगळी. पैसे गेलेल्यानं स्वतः १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवून. मित्राचे पैसे गेले आणि तक्रार तुम्हीच टाकली, तर बँकेचा तपशील मागितल्यावर तुम्ही काय देणार?

आता लिंक. सगळ्यात जास्त तक्रारी इथेच अडतात. एकाच नावाची शंभर खाती असतात, त्यामुळे स्क्रीनशॉटवरून नेमकं खातं सापडत नाही. खोटं खातं उघडा, तीन टिंबं दाबा, लिंक कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. भामट्यानं तुम्हाला ब्लॉक केलं असेल तर ते खातं तुम्हाला दिसणारच नाही. भाच्याच्या नाहीतर शेजाऱ्याच्या मोबाईलवरून लिंक घ्या. आणि गावातल्या पोरांना "रिपोर्ट मारा रे" सांगण्याआधी हे करा. खातं उडालं की पुरावाही गेला.

फेसबुककडे तक्रार त्याच तीन टिंबांतून होते. स्वतःचं खातं नसलं तरी त्यांचा वेगळा फॉर्म आहे, त्याला ओळखपत्र जोडावं लागतं. म्हाताऱ्या वडिलांचा फोटो वापरला असेल तर हाच मार्ग.

ओळखपत्रावर नाव जुळत नाही, हे दुसरं दुखणं. लेकीबाळींचं जास्त: टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, फेसबुकवर तिसरंच. पोरांचं तर विचारूच नका, खात्याचं नाव 'वाघ' आणि जन्मतारीख मनची. खऱ्या खात्यावर निदान नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे असू द्या. अडचण येण्याआधीच.

आधार द्यायचंच तर मास्क केलेलं द्या, म्हणजे शेवटचे चारच आकडे दिसतात. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं, पण ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर निम्म्या लोकांचा कधीचाच बंद पडलेला असतो. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर जोडून घ्या. तोवर मतदान कार्ड किंवा लायसन्स चालतं. पूर्ण आधारचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकून "हा खरा मी" असं सिद्ध करू नका, बाबांनो.

सरकारकडची तक्रार सायबर पोर्टलवर होते. तिथे (सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन) मोबाईल नंबर टाकून लॉगिन करा. घटनेची तारीख-वेळ, ओळखपत्र आणि पुरावे लागतात. घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं हवं आणि त्यात विशेष चिन्हं चालत नाहीत. केंद्रातला पोरगा घाईत एक ओळ टाइप करतो, नाहीतर लिंक वर्णनातच चिकटवतो, आणि फॉर्म पुढे सरकत नाही. लिंकची जागा वेगळी आहे. वर्णन घरूनच कागदावर लिहून न्या: कधी कळलं, कोणाला मेसेज गेले, किती पैसे मागितले. शेवटी मिळणारा पोचक्रमांक जपा.

पोच म्हणजे एफआयआर नव्हे. एफआयआर पोलीस ठाण्यात होते. दुसऱ्याची ओळख चोरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क चा (इंग्रजी सी) गुन्हा आहे, तोतयेगिरी करून फसवणं ६६ड चा (इंग्रजी डी). दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद. या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. म्हणून टेबलावरचा जमादार "हे आमच्याकडे नाही" म्हणाला तर भांडू नका, थेट ठाणेदारांना भेटा. लेखी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

फेसबुकनं खातं काढलंच नाही तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडे स्वतंत्र तक्रार करा. त्याचा निकाल पटला नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाईन अपील आहे. मुदत ३० दिवस, आणि ती या अधिकाऱ्याचं उत्तर हाती आल्यापासून मोजतात. रिपोर्ट बटण दाबल्यावर येणारा आपोआपचा मेसेज म्हणजे ते उत्तर नाही. तो जोडून केलेलं अपील टिकत नाही.