फाइल आकारमर्यादा (मुक्तस्रोत सॉफ्टवेअर)

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा कोड किंवा तयार पॅकेज सार्वजनिक सर्व्हरवर चढवताना एक फाइल जास्तीत जास्त किती मोठी असावी, यावर घातलेले बंधन. साठवणूक स्वस्त झाल्यावरही हे बंधन टिकून आहे, कारण प्रश्न केवळ सर्व्हरवरच्या जागेचा नाही.

त्याचे मूळ गिट या, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या रचनेत आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेली ही प्रणाली प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास जपते आणि रिपॉझिटरी (प्रकल्पाचे भांडार) क्लोन करणाऱ्याला, म्हणजे तिची प्रत उतरवणाऱ्याला, एरवी तो सगळाच्या सगळा देते. मजकुराच्या फाइलींमध्ये बदल थोडे असतात, त्यामुळे गिट त्यांना चांगले आवळून ठेवते. व्हिडिओ, झिप किंवा कंपाइल केलेल्या फाइलींच्या बाबतीत ही युक्ती फारशी चालत नाही. अशा फाइलीची प्रत्येक नवी आवृत्ती जवळजवळ पूर्ण आकाराने इतिहासात जाऊन बसते. पुढच्या कमिटमध्ये (बदलांच्या नोंदीत) ती काढून टाकली तरी जुन्या कमिटमध्ये राहतेच. नवखे लोक नेमके इथे अडकतात: फाइल डिलीट केलेली असते, तरी पुश (बदल सर्व्हरवर चढवणे) नाकारला जातो. त्यावर उपाय म्हणजे फिल्टर-रेपो किंवा बीएफजी यांसारख्या साधनाने इतिहासच पुन्हा लिहिणे. मात्र त्यामुळे कमिटचे हॅश (ओळखचिन्हे) बदलतात आणि सहकाऱ्यांना आपल्या प्रती नव्याने घ्याव्या लागतात.

गिटहब ही गिट रिपॉझिटरी ठेवण्याची सेवा ५० मेबीबाइटपेक्षा (मेबीबाइट हे एमबीहून किंचित मोठे एकक) मोठ्या फाइलीवर इशारा देते आणि १०० मेबीबाइटच्या पुढची फाइल स्वीकारत नाही. ब्राउझरमधून चढवायची असेल तर मर्यादा २५ मेबीबाइटच. पायथनच्या पायपीआय या भांडारात एका फाइलीला साधारणपणे १०० एमबी मिळतात, पण कारण देऊन वाढ मागता येते. ग्राफिक्स कार्डांसाठी बांधलेली पॅकेजेस शेकडो एमबींची असल्याने ही सोय लागतेच. रस्ट भाषेचे क्रेट्स डॉट आयओ हे भांडार मात्र १० एमबीवरच थांबवते. हा आकडा कंजूषपणाचा वाटेल, पण तिथे अपेक्षित असतो तो कोड, आणि कोड फार जागा खात नाही. सहाव्या मालिकेतील लिनक्स कर्नलचा संपूर्ण कोड, हजारो फाइली धरून, आवळल्यावर दीडशे एमबीच्या आतबाहेर बसतो. त्यामुळे माणसाने लिहिलेली एकच फाइल १०० एमबी ओलांडते असे सहसा घडत नाही. पुश अडला की बहुतेक वेळा भलतेच काही कमिट झालेले असते: बिल्डचे फोल्डर, डेटाबेसचा डंप, नाहीतर नोड मॉड्यूल्स (जावास्क्रिप्ट प्रकल्पासाठी उतरवलेली पॅकेजेस). गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) एक ओळ घातली असती तर हे टळले असते.

खरोखरच मोठ्या असलेल्या फाइलींसाठी २०१५ मध्ये गिट एलएफएस आले. त्यात रिपॉझिटरीत फक्त काही ओळींची पॉइंटर फाइल राहते आणि मूळ फाइल वेगळ्या साठ्यात जाते. या साठ्याला आणि डाउनलोडला कोटा असतो, त्यामुळे लोकप्रिय प्रकल्पाला ही सोय खर्चाची ठरू शकते. तयार बायनरी (कंपाइल केलेल्या फाइली) वाटायच्या असतील तर गिटहबची रिलीजची सोय अधिक योग्य. तिथे एका फाइलीला २ गिबीबाइटपर्यंत मुभा आहे आणि क्लोनचा आकार वाढत नाही.

स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांना अडथळा वेगळ्याच ठिकाणी भेटतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये विनंतीच्या आकाराची मूळ मर्यादा १ एमबी असते आणि ती ओलांडली की ४१३ ही त्रुटी येते. पीएचपी या वेब-प्रोग्रॅमिंग भाषेत अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी. दोन्ही सेटिंगमधून वाढवता येतात. वाढवता येत नाही ती फॅट३२ची: या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ गिबीबाइट किंवा त्याहून मोठी फाइल मावतच नाही, मग ती कुठूनही उतरवलेली असो.

फाइलीचे तुकडे करून चढवणे हा जुना मार्ग अजूनही वापरात आहे. युनिक्सच्या स्प्लिट आज्ञेने तुकडे करायचे, कॅटने जोडायचे आणि एसएचए-२५६ चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणी-आकडा) ताडून पाहायचा. लिनक्सच्या अनेक वितरणांच्या कित्येक जीबींच्या आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या) फाइली थेट डाउनलोडबरोबरच बिटटोरेंटवरही मिळतात. तिथे फाइलीचे तुकडे करणे आणि प्रत्येक तुकडा तपासणे ही कामे प्रोटोकॉलच करतो, आणि उतरवून घेणारेच एकमेकांना तुकडे पुरवत असल्याने मूळ सर्व्हरवरचा भार हलका होतो.