मिश्रणे वेगळी करण्याच्या पद्धती : पार्श्वभूमी

पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात गाळणे, ऊर्ध्वपातन, स्फटिकीकरण आणि क्रोमॅटोग्राफी शेजारीशेजारी असतात. प्रत्यक्षात घटक एकमेकांसारखे निघाले आणि हाताशी असलेली पद्धत तोकडी पडली, की पुढची शोधावी लागली.

गाळायला कणांच्या आकारातला फरक पुरतो. विरघळलेल्या पदार्थापुढे गाळणकागद निरुपयोगी. ऊर्ध्वपातनाची, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करण्याची, भांडी अलेक्झांड्रियाच्या किमयागारांकडे इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतच होती. लीबिगच्या नावाने ओळखला जाणारा संघनक (वाफ थंड करणारी दुहेरी नळी) मात्र वायगेलने 1771 मध्ये वर्णिलेला आहे. त्यात थंड पाणी खालच्या टोकाने आत घेतात. वरून सोडले तर बाहेरची नळी पुरती भरत नाही आणि वाफ द्रव न होताच निसटते.

ऊर्ध्वपातनालाही मर्यादा आहे. पाण्याबरोबरच्या मिश्रणात अल्कोहोल वजनाने सुमारे 95.6 टक्के झाले, की 78.2 अंश सेल्सिअसला द्रव आणि वाफ यांतले प्रमाण एकच होते. पुढे कितीही वेळा उकळा, पाणी हटत नाही. 1902 मध्ये सिडनी यंगने त्यात बेंझीन घालून पाणी बाहेर काढले.

रेडियम आणि बेरियमची क्लोराइडे तर रासायनिक वर्तनात जवळजवळ जुळी. त्यातले रेडियमचे क्लोराइड किंचित कमी विरघळते, म्हणून स्फटिकांत त्याचे प्रमाण जरासे वाढते. एवढ्याच फरकावर मारी क्युरींनी पुन:पुन्हा स्फटिकीकरण केले आणि टनावारी पिचब्लेंड या युरेनियमच्या खनिजाच्या गाळातून 1902 पर्यंत जेमतेम 0.1 ग्रॅम रेडियम क्लोराइड मिळवले.

खरे वळण आले ते वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेतमुळे. त्याने काचेच्या अरुंद नळीत कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड ठासली, वरून पानांचा अर्क ओतला आणि मागोमाग शुद्ध द्रावक सोडला. पुडीला घट्ट चिकटणारी रंगद्रव्ये वर राहिली, सैल चिकटणारी खाली सरकली. हिरवे-पिवळे पट्टे उमटले. 1903 मध्ये वॉर्सात त्याने ही कल्पना मांडली, 1906 मध्ये तिला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. पूड सारखी ठासली नाही तर पट्टे तिरके होऊन एकमेकांत मिसळतात. त्यातच विल्श्टेटरसारख्या दिग्गज रसायनतज्ज्ञाला या पद्धतीवर भरवसा नव्हता, आणि ती पंचवीसेक वर्षे अडगळीत राहिली. 1831 मध्ये गाजरातून स्फटिकरूपात काढलेले कॅरोटीन एकच संयुग समजले जाई. 1931 मध्ये हायडेलबर्गला कून आणि लेडरर यांनी अशाच ठासलेल्या नळीत, म्हणजे स्तंभावर, त्याचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार वेगळे केले. तेव्हा कुठे रसायनतज्ज्ञांचे डोळे उघडले!

लीड्सला लोकरीतल्या अमिनो आम्लांवर काम करताना मार्टिन आणि सिंज यांनी 1941 मध्ये सिलिका जेलमध्ये पाणी धरून ठेवून त्यावरून क्लोरोफॉर्म वाहवला. आता घटक वेगळे होत होते ते दोन द्रवांतल्या वाटणीमुळे. 1944 मध्ये कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी सिलिकाऐवजी गाळणकागद वापरला. रंगहीन अमिनो आम्ले निनहायड्रिन या रसायनाने जांभळी करून दाखवता आली. मार्टिन-सिंज यांना 1952 चे नोबेल मिळाले.

शाळेतला प्रयोग याच कागदाचा. काठापासून 2 सेंटिमीटरवर रेघ पेन्सिलीनेच आखायची, कारण पेनची शाईही द्रावकाबरोबर चढते. रेघेवर नमुन्याचा ठिपका 2-3 मिलिमीटरचा ठेवायचा. मोठा झाला तर डागाला शेपूट फुटते. द्रावकाची पातळी रेघेच्या खाली हवी, नाहीतर नमुना चंचुपात्रातच विरघळून जातो. झाकण नसेल तर कागदावरचा द्रावक उडून जातो आणि डागांचे अंतर दर वेळी वेगळे येते. म्हणून ओळखीच्या पदार्थाचा ठिपका त्याच कागदावर शेजारी लावतात.